मॅचच्या दिवसाची हजेरी

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमची लीग बंद पडली. कापड गिरण्यांच्या टीम्सचीच लीग ती. गिरण्या बंद म्हटल्यावर खेळणार कोण? घरात डाळीला महाग झालो होतो आणि मला चुटपुट लागली होती बुडालेल्या मोसमाची. बायको म्हणायची, तुमचं डोकं ठिकाणावर नाही. बरोबरच म्हणायची.

मी ऑफस्पिन टाकायचो. आमचा विकेटकीपर घाटकोपरला आमच्याच चाळीत, दोन दारं सोडून राहायचा. गाव एक, गिरणीतलं खातं एक, कापड विणायचे साचेही शेजारी शेजारी. माझा चेंडू किती वळणार ते माझ्याआधी त्याला कळायचं. माझ्या निम्म्या विकेटा त्याने स्टंपिंग करून मिळवून दिलेल्या. पेपरात नाव छापून यायचं माझं, आणि मी ते कापून ठेवायचो.

पुढच्या थंडीत गिरणीकडून निरोप आला. लीग पुन्हा सुरू होतेय, रविवारी मुलुंडच्या मैदानावर पहिली मॅच, जुन्या खेळाडूंनी यावं. काही गिरण्यांत मूठभर माणसांवर थोडे साचे चालू झाले होते, पण संप मिटलेला नव्हता. मी तडक विकेटकीपरकडे गेलो. संपात तो चाळीच्या तोंडाशी भाजी विकायला बसायचा. म्हटलं, चेंडू टाकण्यात कसला आलाय संप? साच्याला थोडाच हात लावतोय आपण?

तो मेथीच्या जुड्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, मॅचच्या दिवशी साच्यावर न जाता आपली हजेरी लागायची, इतकी वर्षं आपण ती घेतली. तेव्हा मॅच हे काम होतं, तर आताही कामच. मी भडकलो. वकिली शिकवू नकोस म्हटलं, तुझ्याशिवाय मी बोलिंग कोणाच्या भरवशावर टाकू?

"तू जा रे," तो म्हणाला. "मी बघायला येतो."

रविवारी मैदानावर स्कोअररच्या शेजारी दुसरं टेबल मांडलेलं. त्यावर गिरणीच्या हजेरीचं मस्टर, आणि मागे टाइम ऑफिसचा कारकून. सही केल्याशिवाय टीममध्ये नाव नाही, आणि सही केली की संप मोडून सोमवारी पहिल्या पाळीला हजर. बोंबला! त्याचं म्हणणं माझ्यासमोर खरं ठरलं होतं. बायको, पोरं, रिकामे डबे, सगळं आठवलं. पण खोटं कशाला बोलू, मला बोलिंग टाकायची होती. नाक मुठीत धरून सही केली.

कीपर म्हणून ऑफिसातला एक बाबू उभा केला होता. फलंदाज दोनदा क्रीज सोडून हातभर पुढे आला, दोन्ही वेळा चेंडू बाबूच्या पायांतून मागे. त्याला बोलायला मला तोंड होतं कुठे?

षटक संपवून मी सीमारेषेवर उभा राहिलो. पलीकडे माझा जुना कीपर होता. सदरा-पायजमा, हातांची घडी. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. तेवढ्यात एक फटका माझ्या बाजूने आला. मी धावलो, पोचलो नाही. चेंडू रेषा ओलांडून त्याच्या चपलेला टेकून थांबला.

"फेक रे," मी म्हणालो.

त्याने हात पाठीमागे नेले. चेहऱ्यावर राग नव्हता. हसत होता की काय, आजही सांगता येणार नाही.

"मी हात लावला तर माझी हजेरी लागेल ना."

तिकडून सगळे चेंडूसाठी ओरडत होते. मी रेषा ओलांडली आणि त्याच्या पायांशी वाकून तो उचलला.