बुरुजाला साडेसहा

ऑफिसात त्याला साडेसहा म्हणत. तोंडावरही म्हणत. गेली दोन वर्षं तो ज्या व्हिडिओ गेमचं परीक्षण लिही, त्याला दहापैकी साडेसहाच गुण देई. कधी सहा, क्वचित सात. पूर्वी तो असा नव्हता. एखाद्या गेमवर चिडायचा, एखाद्यासाठी हमरीतुमरीवर यायचा. संपादक मॅडम म्हणायच्या, "अहो, गेम आहे तो, तुमचा जावई नाही."

मग बायको आजारी पडली, आणि वर्षभराने गेली. त्याने रजा घेतली आणि संपल्यावर परत आला. काम चालू ठेवलं. दुसरं काय करायचं असतं, हे त्याला आठवत नव्हतं.

गेमच्या वेबसाइटचं ते ऑफिस टायरच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. खालून रबराचा वास यायचा, मधूनच हवा भरल्याचा फुसकारा. एका खोलीत मॅडम, दुसऱ्यात साडेसहा आणि व्हिडिओवाली. घरी गेम खेळताना तो पडद्यावरचं सगळं रेकॉर्ड करी. त्यातले तुकडे कापून, खाली संगीत लावून ती परीक्षणासोबतचा व्हिडिओ बनवी. त्या ऑफिसचा एक नियम होता. गुण एकदा प्रसिद्ध झाले की बदलायचे नाहीत. चूक निघालीच, तर परीक्षणाखाली एक ओळ लिहायची आणि गप्प बसायचं.

त्या मोसमात जपानहून एक गेम आला. नवाच, पण दिसायला मुद्दाम जुना. जाड ठोकळ्यांची चित्रं, मोजके रंग, अंगठ्याएवढी नायिका. ती पाण्यात बुडालेल्या बुरुजात एकेक मजला खाली उतरते, वाटेतल्या प्राण्यांशी लढते, लढता लढता बळ कमावते. ऑफिसात त्याला नुसतं 'बुरुज' म्हणत. बाहेर त्याचं कौतुक चाललं होतं. एकाने लिहिलं, हा गेम आपल्याला शाळेच्या सुट्टीत नेऊन सोडतो. दुसऱ्याने लिहिलं, जुनं रूप ही इथे सजावट नाही, शिस्त आहे. तिसऱ्याने कुरकुर केली की हरल्यावर फार मागून सुरुवात करावी लागते. तरी नऊ दिले.

साडेसहाने साडेसहा दिले. लिहिलं, "चित्रं देखणी आहेत. पण शत्रू वार करण्याआधी कसलाच इशारा देत नाहीत. खेळाडू हरतो तो स्वतःच्या चुकीने नव्हे, नशिबाने. याला जुनेपण म्हणत नाहीत, आळस म्हणतात."

मॅडम खूश झाल्या. "बऱ्याच दिवसांनी चिडलात. बरं वाटलं वाचून."

तो चिडला नव्हता. चिडलेलं वाक्य कसं बांधतात, तेवढं हाताला आठवत होतं.

परीक्षण सकाळी प्रसिद्ध झालं आणि दुपारच्या चहापर्यंत वाचक तुटून पडले. गेम खेळलाच नाही, पैसे खाल्ले, म्हातारा झाला, असं बरंच. मॅडमनी त्याला आत बोलावलं.

"हे बघा, शिव्यांचं मला काही नाही. त्यावर तर दुकान चालतं आपलं. पण सगळे एकच म्हणतायत. इशारा आहे म्हणे. तुम्हाला कसा दिसला नाही?"

"बघतो."

"नीट बघा. तुमचे साडेसहा मी दोन वर्षं चालवून घेतले. कारण माहीत होतं. पण यात तुमची चूक निघाली, तर परीक्षणं मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागतील. तुम्हाला मग मार्गदर्शिका लिहाव्या लागतील."

मार्गदर्शिका म्हणजे कुठला दरवाजा कुठल्या किल्लीने उघडतो, ते सांगणारं लिखाण. नवशिक्यांना देतात ते काम. त्याने मान डोलावली. परीक्षणं गेली तर आपल्याजवळ काय उरतं, याचा विचार करून पाहिला. दुखेल असं वाटलं होतं. नळ सोडावा आणि पाणी येऊ नये, तसं झालं.

तो जागेवर आला तेव्हा व्हिडिओवाली हेडफोन गळ्यात अडकवून बसली होती.

"साडेसहा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज नसतो. कधीच. मला वाटायचं मशीनची खोड आहे, म्हणून मी गेमच्या कंपनीने पाठवलेलं संगीत खाली लावून द्यायचे. आज शिव्या वाचून इथेच स्वतः खेळून पाहिलं. प्रत्येक वाराच्या आधी टुक वाजतं. बारीकसं. डोळे मिटून खेळलं तरी कळतं." ती थांबली. "तुम्ही आवाज बंद ठेवून खेळता का?"

त्याने तिच्या पडद्याकडे पाहिलं. अंगठ्याएवढी नायिका जिन्यात उभी होती.

"हो," तो म्हणाला.

बायकोचा पलंग टीव्हीच्याच खोलीत होता. तिला झोप लागायची ती दिवसाउजेडी, तुकड्यातुकड्यांनी. म्हणून त्याने गेमच्या मशीनचाच आवाज बंद केला. हेडफोन लावता येईना. तिने हाक मारली तर ऐकू यायला हवी होती. पलंग गेला, तरी ते बटण तसंच राहिलं. आवाज बंद आहे हेही तो विसरून गेला होता. घर शांत होतं. गेमही शांत होते. त्यात त्याला काही वेगळं वाटलं नव्हतं.

"मी कुणाला सांगणार नाही," व्हिडिओवाली हळूच म्हणाली.

पण मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या आत येऊन टेबलाच्या कडेवर टेकल्या. म्हणाल्या, "असं करू. आपल्याला आधी जी प्रत आली होती तिच्यात आवाजाचा दोष होता, असं लिहू. कंपनी जपानात बसलीय, भांडायला थोडीच येणार आहे? परीक्षणं तुमच्याकडेच राहतील."

"दोष नव्हता."

"ते मला कळतंय हो."

"मग नको. एक ओळ लिहायची ना? मी लिहितो."

त्याने लिहिलं, "हे परीक्षण आवाज बंद ठेवून लिहिलेलं आहे." मग जुनी परीक्षणं काढून बसला. बायकोच्या आजारपणापासून कालपर्यंतची. एकेकाच्या खाली तीच ओळ टाकत गेला. व्हिडिओवाली बघत राहिली.

"सगळ्यांना कशाला? तुम्हाला कुणी विचारलेलं नाही."

"सगळीच तशी लिहिलीत."

मॅडमनी अडवलं नाही. संध्याकाळी पर्स उचलताना एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मार्गदर्शिका. पहिली बुरुजाचीच करा. घरून केलीत तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी त्याने टीव्ही लावला आणि मशीनचं आवाजाचं बटण दाबलं. संगीत सुरू झालं, पातळ, जुन्या खेळण्यातल्यासारखं. डोळ्यांत पाणी येईल, असं त्याला उगीच वाटलं होतं. आलं नाही. तो एक मजला उतरला. टुक. तो बाजूला झाला आणि प्राण्याचा वार भिंतीवर बसला. पुन्हा टुक, पुन्हा बाजूला. कठीण काहीच नव्हतं. त्याने कागदावर लिहिलं, "आवाज आला की हला."

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. मुलगी गेल्यावरही त्या इथेच राहिल्या होत्या. त्यांनी जायचं ठरवलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. पलंग होता तिथे आता एक खुर्ची होती. तिच्यावर त्या बसल्या.

"हे कसलं वाजतंय?"

"गेम आहे."

"आधी नव्हतं वाजत."

"आधीपण वाजायचं. मी बंद ठेवायचो."

त्या खेळ पाहू लागल्या. पडद्यावर टुक झालं.

"अहो, सरका," त्या म्हणाल्या.

तो सरकला.