राणीचं झिजलेलं नाक

हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. तुम्हा दोघांना सांगते आहे, कारण माझी चांदीची नाणी पुढे तुमच्याकडेच येणार — आणि त्यातलं एक मी चोरलेलं आहे.

चोरलेलं. दुसरा शब्द मी शोधणार नाही.

माझ्या सासूबाईंच्या पूजेच्या थाळीत राणीछाप रुपये असत, इंग्रजांच्या काळातले. दर लक्ष्मीपूजनाला त्या ते चिंच आणि राख लावून लख्ख घासायच्या. जुनं नाणं घासू नये, कडेनंच धरावं, हे मी पुस्तकांत वाचलेलं. सांगितलं, तर म्हणाल्या, लक्ष्मी काय मळकी पुजायची? त्यातला एक रुपया फार दुर्मिळ सालाचा होता. राणीचं नाक झिजलं होतं, साल अजून वाचता येत होतं. आणखी किती दिवाळ्या? मी तो उचलला आणि त्याच्या जागी इतवारीच्या सराफ बाजारातून आणलेला दुसरा ठेवला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा उचलेन. रागवायचं तर रागवा.

पण बदली ठेवायचं नाणंही झिजलेलंच हवं होतं, हे मला सुचलं नाही. माझा स्वभाव — दुकानात निवडून निवडून सगळ्यात कोरं घेतलं. सासूबाईंचा अंगठा त्यावरून फिरला आणि थांबला. "हे माही राणी नाही. तिचं नाक झिजेल होतं."

संशय थोरल्या जाऊबाईंवर गेला. त्यांचा भाऊ सराफाकडे कामाला होता — तेवढं पुरलं. सगळ्यांसमोर त्या माझ्याकडे वळल्या. "तू तं संगच होती ना वं. मी थाळीले हात तरी लावला का?"

मी म्हणाले, मला काही माहीत नाही.

घाबरले होते का? मुळीच नाही. खरं बोलले असते तर नाणं परत द्यावं लागलं असतं. एका रुपयासाठी? हो — त्या रुपयासाठी.

जाऊबाईंना पुन्हा कुणी त्या थाळीला हात लावू दिला नाही. सासूबाई गेल्यावर थाळी माझ्याकडे आली — मी विश्वासाची ना! त्या दिवाळीत मी जाऊबाईंना म्हटलं, मोठ्या तुम्ही, पूजा तुम्हीच करा.

"नको वं," त्या म्हणाल्या. "मंग काही कमी निघालं तं?"

मी आग्रह केला नाही. त्या दाराशी उभ्या राहिल्या. पूजा मी केली.