सुनाबोकोरीतली अक्षदा

कुवेतच्या फरवानिया भागातल्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या अक्षदाला जपानी भाषेतले जेमतेम दहा शब्द येत होते, आणि तरीही ती एका जपानी बँडमध्ये ड्रम वाजवत होती. बँडही साधासुधा नव्हे. गिटार किंचाळायची, गाणारी बाई गळ्याच्या शिरा ताणून गायची, असला दणदणीत हार्ड रॉक. आणि वाजवणाऱ्या सगळ्या बायका.

अक्षदा मूळची सिन्नरची. तिचे वडील दीनानाथ, म्हणजे अण्णा, यांची लग्नात वाजवणारी बँडपार्टी होती. चातुर्मासात सुपाऱ्या बंद असल्या की अंगणात वाद्यांची डागडुजी चाले. अशाच एका रिकाम्या दुपारी त्यांनी लेकीच्या हातात साइड ड्रमच्या काड्या दिल्या. तिचा हात असा काही साफ बसला की बँडातले बाप्ये काम थांबवून ऐकत राहायचे. पण वरातीत तिला अण्णांनी कधी नेलं नाही. "मुलीच्या जातीनं रस्त्यावर वाजवायचं नसतं," एवढंच म्हणत, आणि विषय तिथेच मिटे. पुढे एक्स-रेचा डिप्लोमा झाला, लग्न झालं, ते फार टिकलं नाही. अण्णा गेले. भाऊ संग्राम यानं वाद्यं मोडीत काढली. अक्षदा कुवेतला आली आणि साताऱ्याकडच्या शामलाताईंच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं घेऊन राहू लागली. दवाखाना, खोली, आणि शुक्रवारी कपडे धुणं. वर्षं अशीच गेली.

मग एकदा मिचिको तिच्यासमोर येऊन बसली. शहराच्या सलवा भागात राहणारी, पन्नाशीला टेकलेली जपानी बाई. नवरा वीजकेंद्रात इंजिनियर. मोटारीच्या दारात बोटं सापडून हात सुजला होता.

"गिटार कधी वाजवता येईल?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील. हात हलवू नका," अक्षदा म्हणाली. हात नीट ठेवता ठेवता तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही गिटार वाजवता?"

मिचिको हसली. इथल्या जपानी बायकांचं एक मंडळ होतं, मंडळाचं समूहगान होतं. सणासुदीची, सभ्य गाणी. त्यातल्याच चौघींनी गंमत म्हणून बँड काढला होता. "समूहगान हे आमचं खरं काम. बँड म्हणजे साइड प्रोजेक्ट," ती म्हणाली. "आता तोही बंद पडलाय. आमची ड्रमवाली नागोयाला परत गेली."

अक्षदानं एक्स-रे काढला. मिचिको दारापर्यंत पोचली तेव्हा ती मागून म्हणाली, "मी वाजवायचे. लहानपणी."

मिचिकोची बोटं बरी झाल्यावर अक्षदा बस पकडून सलवाला गेली. बंगल्याच्या तळघरात भिंतींना गाद्या लावल्या होत्या. बेस गिटार वाजवणारी नात्सुए आणि गाणारी आयाको, दोघींनी कमरेत वाकून तिला नमस्कार केला. बँडचं नाव सुनाबोकोरी. म्हणजे धुळीचा लोट, असं मिचिकोनं सांगितलं. कुवेतमध्ये उतरल्या दिवशी तिनं तेवढंच पाहिलं होतं.

अक्षदा पहिल्यांदाच पुऱ्या ड्रमसेटवर बसली होती. पाय कुठे, हात कुठे, काही जमेना. पण साइड ड्रमवर काड्या पडल्या आणि हात आपोआप वळले. तिनं वरातीतला एक तोडा हलक्या हातानं वाजवला. मिचिकोचे डोळे मोठे झाले.

"जोरात!" ती ओरडली. "अजून जोरात!"

वाजवताना आवाज कमी कर, हेच अक्षदानं आजवर ऐकलं होतं. तिनं दात आवळले आणि असा घाव घातला की वर स्वयंपाकघरात भांडी वाजली म्हणे.

तेव्हापासून तिचा आठवडा शुक्रवारभोवती फिरू लागला. शुक्रवारची जादा ड्यूटी तिनं सोडून दिली. गाण्यांचे शब्द कळत नसत, पण आयाकोचा श्वास कुठे तुटतो, मिचिको खांदा कधी उचलते, हे तिला पाठ झालं. शामलाताई विचारायच्या, "अगं, त्या जपानी बायकांत तुझं काय काम? एकदा आपल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तरी ये." अक्षदा हसून वेळ मारून न्यायची.

वाजवणं चालू असेतो सगळं ठीक असे. थांबलं की मिचिको जवाचा चहा आणायची आणि तिघी आपल्या भाषेत गप्पा सुरू करायच्या. कशावरून तरी हास्याची लाट उठायची. मग कुणाला तरी आठवण व्हायची आणि तो विनोद इंग्रजीत सांगितला जायचा. अक्षदा हसायची, पण तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असायचं.

एका शुक्रवारी ती गेली तर बंगल्याला कुलूप. रखवालदार नझीर म्हणाला, "मॅडम लोग तो बाहर गया." नात्सुएच्या मुलाच्या शाळेत खेळ होते. ग्रुपवर निरोप टाकला होता, पण सवयीनं जपानीत. अक्षदाला तो गप्पांपैकीच एक वाटला होता. ती तशीच समुद्राकडे चालत गेली, बाकावर बसली. मुलाबाळांची कुटुंबं चटया टाकून जेवत होती. संध्याकाळी मिचिकोनं माफीचे केवढे तरी निरोप पाठवले. "काही हरकत नाही," असं अक्षदानं लिहिलं. त्यांच्या आयुष्यात नवरे होते, मुलं होती, समूहगान होतं, आणि त्यातून वेळ उरला तर बँड. त्यात चूक त्यांची नव्हती, हे तिला कळत होतं.

डिसेंबरात बनेद अल-गारच्या एका हॉटेलात जपानी मंडळींचा स्नेहमेळावा झाला. आधी समूहगान. मग त्याच बायका काळे शर्ट घालून परत आल्या, सोबत अक्षदा. पहिल्या गाण्याला लोक दचकले, दुसऱ्याला उभे राहिले. शेवटी नावं पुकारली. "आकुशादा-सान!" टाळ्यांत तिला काही ऐकू येईना. घरी जाताना तिनं व्हिडिओ संग्रामला पाठवला. त्याचा नुसता अंगठा आला. ज्या अण्णांना तो दाखवायला हवा होता, ते आता राहिले नव्हते.

वसंतात मिचिकोच्या नवऱ्याची जपानला बदली झाली, पाठोपाठ बाकीच्या दोघींच्याही नवऱ्यांची.

"ड्रम तू घेऊन जा," मिचिको म्हणाली. "तुझाच आहे."

अक्षदानं शामलाताईंना विचारून पाहिलं.

"ठेवणार कुठे, बाई? आणि खालचे लोक एक दिवस तरी ऐकून घेतील का?"

त्यांचंही खरं होतं. पलंग आणि कपाट मांडल्यावर त्या खोलीत चालायला एक पट्टा तेवढा उरत होता. ड्रमसेट एका शाळेला गेला. निघताना मिचिकोनं तिला घट्ट मिठी मारली. तिच्या लोकांत ती रीत नाही, हे अक्षदाला ठाऊक होतं.

काही महिन्यांनी नागोयाहून व्हिडिओ आला. सुनाबोकोरी पुन्हा सुरू झाला होता. ड्रमवर त्यांची आधी परत गेलेली जुनी ड्रमवाली. "तुझी आठवण येते," असं मिचिकोनं लिहिलं होतं. अक्षदानं तो पुन्हा पुन्हा पाहिला. ती बाई चांगली वाजवत होती, अक्षदापेक्षा चांगली. "खूप छान," एवढं लिहून तिनं फोन उशीखाली सारला.

हल्ली ती शुक्रवारी सालमियाच्या एका संगीतवर्गात जाते. तिथे तासाभरासाठी ड्रमची खोली मिळते. वर्ग चालवणारा हारून हैदराबादचा. पहिल्या दिवशी खोलीतला आवाज मध्येच थांबला म्हणून त्यानं दार उघडून डोकावलं.

"हो गया, बहनजी?"

अक्षदा काड्या वर धरून बसली होती. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"यहाँ गाना है," ती म्हणाली. "ड्रम नहीं बजता."

हारूननं इकडेतिकडे पाहिलं, खोलीत गाणं कुठेच वाजत नव्हतं. त्यानं दार लावून घेतलं. मनातली आयाकोची ओळ संपली, आणि अक्षदाच्या काड्या खाली आल्या.

तास संपतो तेव्हा पुढच्या मुलाची आई दारात ताटकळत असते. अक्षदा तिला जागा करून देते आणि फरवानियाच्या बसला उभी राहते.