नऊ दिवस बाहेर राहिलेली चावी

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून एक अरुंद खिडकी आहे. खिडकीमागे भिंतभर खिळे, खिळ्यांना चारशे बारा चाव्या, आणि चाव्यांपुढे गेली एकतीस वर्षं चावीकाका. सही करून न्यायची, सही करून परत करायची. समोर सर्जन असो की झाडूवाली, काकांचा प्रश्न एकच असायचा: "चावी कोणाकडे आहे?" संध्याकाळपर्यंत चावी परत आली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराला बोलावून कुलूप बदलायचं. हा नियम काकांनीच घातला होता. एका मोठ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी त्यापायी दीड तास त्यांच्याच खोलीबाहेर उभं ठेवलं होतं. बाई लालबुंद झाल्या, काकांनी पापणीही हलवली नाही.

सापडलेल्या चाव्याही याच खिडकीवर यायच्या. कॅन्टीनमधून, गाडीतळावरून, एकदा तर पेशंटच्या उशीच्या अभ्र्यातून. इतक्या वर्षांत काकांचा एक समज होऊन बसला होता, की चावीला आपलं घर ठाऊक असलं की ती परत येतेच. हॉस्पिटलच्या चाव्यांच्या बिल्ल्यावर नुसता नंबर असे, बाकीचं रजिस्टरला माहीत. घरच्या चाव्यांना मात्र रजिस्टर नव्हतं. म्हणून काकांनी पितळी बिल्ल्यावर हॉस्पिटलच्याच ठशांनी सगळा पत्ता ठोकून घेतला होता. इमारत, गल्ली, मजला, दाराचा नंबर.

"एवढं केलंत तर घरी कधी नसतो तेही लिहा," बायको म्हणाली होती. "चोराची खेप वाया जायला नको."

ती जाऊन सात महिने झाले होते. काका रोज कामाला जात होते, रोज परत येत होते. शेगडीवर जे असेल ते खात होते. कोणी विचारलं तर "बरं चाललंय" म्हणत होते, आणि ते खोटंही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठाला बोट लावून पाहावं, ओठ आहे एवढं कळावं, तसं काहीसं.

मुलगी चार दिवस राहून गेली. तिला टॅक्सीनं स्टेशनवर सोडून काका परत आले, आणि दारात खिशात हात घातला तर चाव्या नाहीत. सगळे खिसे त्यांनी एकदा तपासले. मग खालूनच वरच्या शेजाऱ्याला हाक मारून त्याच्याकडे जपून ठेवलेला बायकोचा जुडगा मागून घेतला, दार उघडलं, चहा टाकला. छातीत धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही.

मुलीचा रोज फोन.

"बाबा, कुलूप बदललं?"

"बदललं."

"कोणी बदलून दिलं?"

"आमच्या सुतारानं."

"नवी चावी कशी आहे? लांब की आखूड?"

"चावीसारखी आहे."

"बाबा, तुम्ही थापा मारताय."

"ठेवतो. भाजी करपतेय."

भाजी शेगडीवर नव्हतीच. घरात होतं काय चोरायला, असा विचारही त्यांनी नीट पूर्ण केला नाही. खिडकीवर बसून ते वाट मात्र पाहत होते. कोणीतरी येईल, बिल्ला पुढे करेल, विचारेल, ही तुमचीच ना? एवढा पत्ता ठोकून ठेवलाय.

हरवलेल्या जुडग्यात तीन चाव्या होत्या. घराची, कपाटाची आणि तिसरी इमारतीच्या रस्त्याकडच्या दाराची. त्या दारामागे पाच बिऱ्हाडं राहत होती. तळमजल्यावर शिलाईचं काम करणारी ताई, आठ वर्षांच्या लेकीला घेऊन. नवरा लांबच्या गावी कामाला. शिवलेले कपडे पोचवायला जाताना ताई लेकीला सांगून जायची, "मोठं दार लागलेलं आहे. ज्याच्याकडे चावी नाही तो आत येऊच शकत नाही. अभ्यास कर." लेक निर्धास्त. आतलं दार उघडं टाकून जिन्यात बसून अभ्यास करायची, कारण जिन्यात उजेड चांगला.

ही तिसरी चावी काकांच्या लक्षात नव्हती असं नाही. दुसऱ्याच दिवशी जिना चढताना आठवली होती. ताईच्या मशीनचा आवाज येत होता. सांगायला हवं, असं मनात आलं, आणि तेवढ्यात पुढची पायरी आली.

नवव्या दिवशी दुपारची पाळी बदलून ते साडेतीनला परतले, तर जिन्याच्या तळाशी गर्दीच होती. म्हणजे माणसं दोनच, पण आवाज दहांचा. पहिल्या पायरीवर एक टॅक्सीवाला अंग चोरून बसलेला. समोर ताई, हातात कापड कापायची मोठी कात्री.

"हेच का ते?" टॅक्सीवाल्यानं काकांना पाहून विचारलं. "बरं झालं आलात, साहेब. सीट धुवायला काढली तर खाली तुमच्या चाव्या. पत्ता होता, म्हणून आलो. घंटी वाजवली, कोणी येईना. म्हटलं हीच इमारत का बघू, तर चावी लागली. वर गेलो, तिथंही लागली. दार उघडून हाक मारली. मागं पोरगी उभी! किंचाळली ती! मी घाबरलो, ती पळाली, आणि मग या बाई कात्री घेऊन..."

"मग काय हार घेऊन यायचं?" ताई म्हणाली. "माझी पोर न्हाणीघरात कडी लावून बसलीय. पाऊण तास झाला. मलाही उघडत नाही." मग ती काकांकडे वळली. "चाव्या कधी हरवल्या, काका?"

"आज नऊ दिवस."

ताईनं कात्री खाली केली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नऊ दिवस मी हिला एकटीला टाकून जातेय," ती हळू म्हणाली. "तुमच्या घराचं तुम्ही बघा. उघडं टाका, नाहीतर पेटवून द्या. हे दार आमचंही आहे ना?"

काकांनी मान हलवली. तोंडात मारल्यासारखं वाटायला हवं होतं. टॅक्सीवाल्याकडून त्यांनी जुडगा घेतला, त्याचे आभार मानले. तो सुटला तो थेट रस्त्यापर्यंत.

न्हाणीघराच्या दारापाशी ताई वाकली. "सोन्या, उघड. चावीआजोबा आलेत. ते काका चोर नव्हते गं, चाव्या द्यायला आले होते. चाव्या मिळाल्या बघ."

आतून बारीक आवाज आला.

"अजून कोणाकडे आहे चावी?"

"कोणाकडे नाही. हो ना, काका?" ताईनं डोळे वटारून खूण केली. हो म्हणा.

मुलीला काका फोनवर रोज थापा मारत होते. पण हा प्रश्न खिडकीच्या आतल्या बाजूचा होता. बाहेर उभं राहून त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. नऊ दिवस चावी टॅक्सीत होती. रोज किती माणसं त्या सीटवर बसली असतील? पत्त्यासकट चावी. दुसरी करून घ्यायला दहा मिनिटं लागतात.

"सांगता येत नाही, बाळा," ते म्हणाले.

"काका!" ताई ओरडली.

"खोटं कसं सांगू? मोठ्या दाराचं कुलूप बदलतो. आत्ताच. तोवर तू बस आत. घाई नाही."

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी नवं कुलूप आणलं आणि तिथंच दहा चाव्या करवून घेतल्या. जुन्या कुलपाचे चार स्क्रू गंजले होते. तेल सोडलं, थांबले, मग जोर लावून काढले. नवीन कुलपाला जागा कमी पडली, म्हणून वरच्या शेजाऱ्याची पटाशी मागून लाकूड तासलं. हात बरोबर चालत होते. त्या हातांचा मालक कुठेतरी मागे उभा राहून बघत होता, त्याचं मत कोणी विचारलं नव्हतं. मग दोन चाव्या स्वतःला ठेवून, वहीचं पान फाडून बाकीच्या चार बिऱ्हाडांकडे गेले, प्रत्येकी दोन चाव्या दिल्या, सही घेतली. प्रत्येक दारात आधी सांगितलं, की चावी माझ्याकडून हरवली आणि मी नऊ दिवस बोललो नाही. कोणी "असू दे" म्हणालं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय झालंय हो? तुम्ही असे नव्हतात." काकांनी सहीची जागा दाखवली.

खाली आले तेव्हा पोर बाहेर आली होती. आईचा पदर धरून, डोळे सुजलेले. ते पान तिनं हातात घेतलं, सह्या मोजल्या.

"आता बाहेर जा," ती काकांना म्हणाली.

"अगं, असं बोलतात का मोठ्यांशी?" ताई म्हणाली.

"जाऊ दे तिला, बरोबर आहे," काका म्हणाले आणि रस्त्यावर गेले. पोरीनं दार लावून घेतलं. कुलूप खटकन बसल्याचा आवाज आला.

"आता जुनी चावी लावा," आतून हुकूम आला.

काकांनी लावली. चावी अर्धीच आत गेली आणि अडली.

"उघडत नाही," ते म्हणाले.

"जोरात."

त्यांनी जोर लावला. पितळी बिल्ला दारावर आपटून वाजला. मागून एक सायकलवाला गेला, त्यानं वळून पाहिलं.

"नाही उघडत."

पोर दाराला कान लावून उभी असावी. खालच्या फटीतून तिची सावली दिसत होती, आणि सावली हलत नव्हती.

"परत लावा," ती म्हणाली.

काकांनी परत लावली.