देठ पोटाशी

ऑक्टोबर लागला की ओपल हार्टमनच्या स्वयंपाकघरातला फोन वाजायला लागायचा.

"ओपल, आमचा भोपळा मऊच पडला गं! हॅलोविनला अजून आठवडा आहे."

"चेहरा कधी कोरलास?"

"पंधरा तारखेला."

"मग तो काय नाताळपर्यंत तुझी वाट बघत बसणार होता? तीन दिवस आधी सुरी लावायची, त्याच्या आधी नाही. आता थंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेव रात्रभर, थोडा सावरेल. आणि कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोळ."

फोन खांद्यात धरून, भोपळ्याचा गोड गर भरून भाजायच्या 'पाय'चं पीठ मळता मळता ती हे सांगायची. आतल्या दिव्याने झाकण काळं पडतं म्हणणारीला सांगायची, धूर जायला बोटाएवढं भोक पाड, आणि त्याच्याभोवती आतून दालचिनी चोळ, अंगणभर वास सुटेल. देठाला धरून भोपळा उचलणाऱ्याला मात्र ती रागवायची. "अरे, देठ म्हणजे काय बादलीची कडी आहे?"

ओपल चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि शहरातला थोडा काळ सोडला तर ती सगळी वर्षं तिने याच गावात काढली होती. त्यातली तीस शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. मूलबाळ नव्हतं. नवरा एल्मर जाऊन सहा वर्षं झाली होती. पण गावातल्या निम्म्या पोरांना भोपळा कोरायला तिनेच शिकवलं होतं, आणि तिला शिकवलं होतं तिच्या वडिलांनी, ऑटोने.

इलिनॉयच्या त्या भागात सगळी शेतं भोपळ्याची. पण ते भोपळे डबे भरणाऱ्या कारखान्याचे. लांबट, फिकट, जाड गराचे, पायला एक नंबर आणि चेहऱ्याला अगदी नालायक. ऑटो कुंपणाच्या कडेने एक ओळ केशरी भोपळ्यांची लावायचा. "ती सगळी शेतं कारखान्याची," तो म्हणायचा, "ही ओळ आपल्या हसण्याची."

ओपल सहा वर्षांची असताना त्याने तिला मागच्या पायरीवर बसवलं आणि मांडीवर भोपळा ठेवला. "देठ पोटाशी, बूड गुडघ्यांकडे. म्हणजे सुरी नेहमी तुझ्यापासून लांब जाईल. आणि डावा हात पात्याच्या वाटेत आणायचा नाही."

"पण बाबा, मला तोंड उलटं दिसतंय!"

"बघणाऱ्याला सुलटं दिसलं की झालं. तू कशाला बघतेस?"

ती तसंच शिकली. भोपळा टेबलावर उभा ठेवून तिने जन्मात कधी कोरला नाही.

ऑटो गेला तो एका सप्टेंबरमध्ये. त्या वर्षी ओपल एकटीच पायरीवर बसली, डोक्यात काहीच नव्हतं, हात आपले चालत होते. कोरून झाल्यावर तिने भोपळा फिरवला, तर समोर ऑटो. एक डोळा बारीक, ओठ डावीकडे ओढलेले, पुढच्या दोन दातांत फट. ती किती तरी वेळ तिथेच बसून राहिली. मग तो भोपळा तिने चर्चच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवला आणि आत दिवा लावला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये त्या वर्षी वारलेल्यांची नावं वाचतात. ऑटोचं नाव वाचलं गेलं तेव्हा दारातून तो चेहरा दिसत होता. ओपलने मान खाली घातली आणि देवाचे आभार मानले.

तेव्हापासून सदतीस वर्षं तो चेहरा त्या पायऱ्यांवर होता. नावं वाचून झाली की भोपळा शेजारच्या डुकरांना जायचा. ऑटोलाही ते आवडलं असतं.

नव्याण्णव साली मात्र उन्हाळ्यात ओपलच्या उजव्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सुरी आता विसरा. पाद्री वेंडेल नवीन होता, स्वभावाने चांगला होता. तो सेलवर चालणारा प्लास्टिकचा भोपळा घेऊन आला. "ओपल, यंदा तुम्हाला दगदग नको. हा कुजतही नाही."

"छान आहे," ओपल म्हणाली. त्याला कॉफी दिली, पायचा तुकडा दिला, आणि तो गेल्यावर तो भोपळा धुण्याच्या खोलीत नेऊन तोंड भिंतीकडे करून ठेवला.

एकोणतीस तारखेला दुपारी ती स्वतःच स्वयंपाकघरात कोरायला बसली. भोपळा कुंपणाच्या ओळीतलाच, ऑटोच्याच बियांचा, हिरव्या देठाचा, सपाट बुडाचा. सुरीचं टोक सालीत जेमतेम गेलं आणि अंगठ्यातून कळ थेट कोपरापर्यंत आली. सुरी जमिनीवर पडली.

नेमकी तेव्हाच मागच्या दारातून लोइस आत आली. लोइस म्हणजे एल्मरची थोरली बहीण, वय एकोणऐंशी, जीभ अठराची. ओपलची बशी परत करायला आली होती.

"हं. म्हणजे डॉक्टरपेक्षा तू शहाणी."

"बशी ठेव आणि जा, लोइस."

"चेहरा बघ तुझा, पांढराफटक पडलाय. दे ती सुरी इकडे."

"तू? एकाहत्तर साली तुझ्या भोपळ्याचं झाकण आत पडलं होतं, सगळ्या गावासमोर."

"अठ्ठावीस वर्षं झाली त्याला! देवसुद्धा एवढा हिशेब ठेवत नाही."

ओपलने बाहेर बघितलं. खिडकीतून चर्चच्या रिकाम्या पायऱ्या दिसत होत्या. मग तिने खुर्ची ओढून दिली.

लोइसने भोपळा टेबलावर उभा ठेवला. "झाकण तिरकं काप," ओपल म्हणाली, "टोक आतल्या बाजूला. सरळ कापलंस की पडलंच." लोइसने तिरकं कापलं. तंतू आणि बिया काढल्या, पळीने आतून खरवडलं. "चेहऱ्याच्या बाजूला आणखी खरवड. बोटाएवढी जाडी राहिली पाहिजे, नाहीतर उजेड बाहेर येत नाही." तेही झालं.

"आता चेहरा. कागदावर काढ, मी खिळ्याने टोचून घेते."

ओपलने पेन्सिल बोटांत कशीबशी अडकवली. डोळा काढला, दुसरा काढला, तोंड काढलं. दोघींनी बघितलं. कागदावर भलताच माणूस होता.

"हा तर विमा विकायला येतो तो," लोइस म्हणाली.

"बारीक डोळा कुठला, तेच आठवेना."

"सदतीस वर्षं कोरतेस आणि तुला माहीत नाही?"

ओपलने डोळे मिटले. तिला ऑटोचे हात आठवले, पायरी आठवली, ओल्या गराचा वास आठवला. चेहरा येईना. भोपळा नाही झाला तर नाही, पण बाबाच विसरायला झाले की काय? मनातल्या मनात तिने प्रार्थना केली, एवढीच, की देवा, हे माझ्याकडून नेऊ नकोस.

मग तिची नजर लोइसच्या मांडीवर गेली.

"लोइस, झाकण लाव आणि तो मांडीवर घे. देठ पोटाशी."

"ओला आहे तो! माझा चर्चचा स्कर्ट आहे."

"घे म्हणते ना. बूड गुडघ्यांकडे."

लोइस कुरकुरली, पण भोपळा मांडीवर घेतला. ओपल तिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. पायसाठी काढलेल्या पिठाची परात आणि पाण्याची वाटी शेजारीच होती. तिने तर्जनी पाण्यात बुडवली, कोरड्या पिठात टेकवली आणि सालीवर ठेवली. बोट चालू लागलं. एक डोळा. दुसरा, बारीक. ओठांची रेघ, ओढलेली. दात. बोट कुठेच अडलं नाही. तो चेहरा तिने कधी सुलटा काढलाच नव्हता.

"आता रेघेवरून जा. हळू. करवतीसारखी पुढेमागे, दाबू नकोस."

बराच वेळ नुसता सुरीचा आवाज येत होता. शेवटच्या दाताला लोइसची सुरी घसरली आणि दात तुटून मांडीवर पडला.

"मेलं ते!"

"काही नाही, टूथपिक घालून जोडता येतो."

लोइसने भोपळा उचलून टेबलावर सुलटा ठेवला आणि जरा मागे सरून बघितलं. "राहू दे तसाच," ती म्हणाली. "शेवटच्या वर्षी तुझा बाप चर्चमध्ये कवळी खिशात घालून बसायचा. मी त्याच बाकावर असायचे. भजनं म्हणताना त्याचं तोंड अस्संच दिसायचं."

ओपलला हे ठाऊक नव्हतं. त्या वर्षी ती आणि एल्मर शहरात राहत होती. ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. लोइसने तिच्याकडे न बघता उपकार केल्यासारखा आपला रुमाल पुढे सरकवला.

संध्याकाळी दोघींनी भोपळा पायऱ्यांवर नेला. वेंडेलने बघितलं आणि आत गेला. मग काडेपेटी घेऊन बाहेर आला. दिवा लागला. दालचिनीचा वास सुटला.

घरी ओपलने बिया धुतल्या. निम्म्या मीठ लावून भाजायला ठेवल्या. उरलेल्या वर्तमानपत्रावर वाळत घातल्या, त्यातल्या मूठभर कागदात बांधल्या आणि लोइसच्या हातात दिल्या.

"कुंपणाच्या कडेने लाव. मे महिन्याच्या शेवटी, त्याआधी नाही."

लोइसने पुडी पर्समध्ये टाकली, स्कर्टवरचा डाग एकदा बघितला.

"पुढच्या वर्षी जुना स्कर्ट घालून येईन," ती म्हणाली.