कोठाराला चिकटून असलेली खोली

तबेल्यात तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणत. दादांची हयात घोड्यांत गेली होती. मालकाने त्यांना राहायला दिलेली खोली गवताच्या कोठाराला चिकटून होती. मधे फळ्यांची भिंत, तीही फटींची.

हवा अशी दमट, की बरणीतल्या मिठालाही पाणी सुटायचं. तिथे गवत कोरडं राखता राखता नाकी नऊ यायचे. गठ्ठा जरा ओला राहिला की आत बुरशी, आणि ती पोटात गेली की घोडा आजारी. दादांनी घोड्यांना कधी खोकू दिलं नाही. खोकला त्यांनाच लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गवतातली बुरशी छातीत गेलीय, गवतापासून लांब राहा. लांब म्हणजे कुठे, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

दादांचं काम वहिनीने अंगावर घेतलं. काम सुटलं असतं तर खोलीही सुटली असती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने फटींत चिंध्या कोंबल्या. दादा दिवसभर खिडकीपाशी बसून राहायचे. आपण नोकरीला आहोत की कैदेत, असं एकदा ते हसत म्हणाले.

पावसाळ्याच्या शेवटी गवताचा ट्रक आला. वहिनीने एक गठ्ठा सोडून आतली काडी पिळली. काडी मोडायला हवी होती, ती नुसतीच वळली. गवत ओलं आहे, परत पाठवा, असं तिने मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, दुसरीकडे कुठे गवतच नाही, घोडे काय हवा खातील? तेही खरंच होतं. मग तिने गठ्ठे जमिनीपासून उंच, लाकडी चौकटींवर रचले, मधे वाऱ्याला वाट ठेवली आणि रोज हात खुपसून पाहू लागली.

एका दुपारी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांत हात ठेववेना, इतकी धग होती. असं गवत आतल्या आत पेट घेतं. सगळी माणसं घोडे फिरवायला गेली होती, तबेल्यात चिटपाखरू नव्हतं. तिने पाण्याचा पाइप ओढून जवळ ठेवला आणि गठ्ठे बाहेर खेचायला लागली. बुरशीची पांढरी धूळ उडाली. तेवढ्यात पलीकडून एका गठ्ठ्याची दोरी कुणीतरी धरली. तोंडाला ओलं फडकं बांधलेले दादा.

"अहो, आत जा ना."

"आत म्हणजे त्या भिंतीमागेच ना? पेटलं तर आधी मीच."

दोघांनी मिळून कोपरा रिकामा केला. कोठार वाचलं. दादा मात्र अंगणातच बसले, आणि त्यांचा श्वास काही केल्या जागेवर येईना. पुढचे बरेच दिवस ते दवाखान्यात होते.

मालक भेटायला आला तेव्हा वहिनी त्याला बाहेर घेऊन गेली. तिने आवाज चढवला नाही.

"गवत मी सांभाळीन. पण त्यांना त्या खोलीत परत नेणार नाही."

मालकाने खाली मान घातली. फाटकाजवळची खोगिरं ठेवायची खोली त्याने रिकामी करून दिली. खाट टाकली की उरलेल्या जागेत एक स्टूल मावतं, एवढीच ती.

तिथे दादांची धाप कमी झाली, गेली नाही. वहिनीच्या बहिणीने फोन करून सांगितलं, दोघं इकडे या, इथली हवा कोरडी आहे. बहिणीच्या घरी तिची चार माणसं दोन खोल्यांत राहतात. वहिनी बघू म्हणाली.

आता काम संपलं की ती तबेल्यामागच्या मोरीत डोक्यावरून अंघोळ करते, कामाचे कपडे तिथेच ठेवते आणि फाटकाकडे जाते. केसांत एखादी काडी राहिली असेल म्हणून स्वतःच्या घराच्या दारात उभी राहून विचारते, "येऊ का?"

दादा दाराशेजारच्या खिडकीतून तिला नीट न्याहाळतात आणि खाटेवर सरकून जागा करतात.