चादरी आणि धूर

राष्ट्रीय उद्यानातले सगळे तिला नुसतं 'वहिनी' म्हणत. तिची नणंद विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात होती. तिच्या हाका ऐकून ऐकून साहेबापासून माळ्यापर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. वहिनीची कामं दोन, दोन्ही हंगामी. थंडी पडली की पर्यटक यायचे आणि विश्रामगृहामागच्या धुलाईघरात चादरींचे ढीग लागायचे. गवत वाळलं की टेकडीवरच्या लोखंडी टॉवरवर बसून वणव्याचा धूर हेरायचा. पंचाईत अशी, की पर्यटक हलायच्या आतच गवत वाळायचं. मग ते मधले आठवडे ती सकाळी चादरी उकळायची, पिळायची, दोरीवर टाकायची. आणि दुपारी, वाकलेली पाठ अजून सरळ झालेली नसताना, टॉवरची शिडी चढायची.

"दोन दगडांवर पाय ठेवतेस, एक दिवस आपटशील," नणंद म्हणायची.

"पाय मोठे आहेत माझे, वन्सं."

"पाय कसले, हौस मोठी आहे. वर काय मिळतं गं तुला? नुसतं ऊन!"

काय मिळतं ते वहिनीला सांगता आलं नसतं. जन्म गेला होता या जंगलाच्या काठी, पण तिनं पाहिली होती ती झाडं. हे एक, ते एक. पहिल्यांदा टॉवरवर चढली, तेव्हा कठडा घट्ट धरून तिनं खाली पाहिलं आणि तिला झाडच दिसेना. एवढं सगळं मिळून एकच काहीतरी होतं, आणि ते श्वास घेत होतं. ढगाची सावली त्यावरून अशी सरकत गेली, जशी कुणी हातानं चादरीची सुरकुती काढावी. केवढा हात असेल तो, तिच्या मनात आलं. तेव्हापासून ती चपला शिडीखालीच काढून ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, पाय घसरतो हो.

यंदा मात्र हंगामाच्या सुरुवातीलाच तिची फजिती झाली. वर जायच्या आधी चादरी उकळायच्या हंड्याखालचा जाळ विझवायचा, हा तिचा नेम. त्या दिवशी पाहुणे जास्त, घाई फार. ओली लाकडं तशीच धुमसत राहिली. वर पोचते तर झाडांमागून दाट पांढरा धूर! टॉवरवरून विश्रामगृह दिसत नाही, आणि हंड्याचा धूर वरून कसा दिसतो हे तिनं कधी पाहिलेलंच नव्हतं. तिनं पितळी तबकडीवर दिशा जुळवली, वायरलेसवर वर्दी दिली. पाण्याची गाडी, फावडी घेतलेली माणसं, सगळा लवाजमा धावत सुटला तो थेट धुलाईघराच्या दारात.

"अगं बाई!" नणंद पोट धरून खाली बसली. "स्वतःच पेटवलं आणि स्वतःच बोंब मारली!"

वनाधिकाऱ्यांना हसू आलं नाही. "वहिनी, दोन कामांत तुमचं लक्ष वाटलं जातंय. गाडी इकडे पळवली आणि खरी आग तिकडे लागली तर? पुन्हा खोटी वर्दी आली, तर टॉवर दुसऱ्याला देईन. तुम्ही चादरीच सांभाळा."

वहिनी "हो साहेब" म्हणाली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

त्यानंतर ती हंड्याखाली दोनदोनदा पाणी ओतून मगच निघायची. बरेच दिवस आभाळ स्वच्छ राहिलं. मग एका दिवशी, ऊन कलताना, तळ्याच्या बाजूला लव्हाळ्यांवर एक काळसर खांब उभा राहिला. वर गेला, रुंद झाला, परत बारीक झाला. तिनं दुर्बीण लावली, पण सूर्य नेमका समोर. नुसता काळोख थरथरताना दिसला. वारा पश्चिमेचा होता आणि खांब वाऱ्याला जुमानत नव्हता. धूर असा वागत नाही. पण तळ्याकाठची लव्हाळी कोरडी ठणठणीत होती आणि त्यांच्यापलीकडे अख्खं जंगल.

तिचा हात वायरलेसवर थांबला. बोललं आणि चुकलं, तर टॉवर गेला. गप्प बसलं आणि चुकलं, तर... तिनं खाली पसरलेल्या त्या सगळ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"तळ्याच्या बाजूला काहीतरी उठलंय. धुरासारखं."

"धुरासारखं म्हणजे? वर्दी आहे की नाही?" पलीकडून प्रश्न आला.

"आहे," वहिनी म्हणाली.

गाडी तळ्याकडे निघाली. साहेब टेकडीच्या पायथ्याशीच होते, ते शिडी चढून वर आले. चेहरा असा, की वहिनीनं टॉवरची किल्ली आधीच मुठीत काढून धरली.

तोवर सूर्य ढगाआड गेला होता. तो खांब मधोमध फाटला, वळला, आणि सगळाच्या सगळा त्यांच्याकडे यायला लागला. पक्षी होते. मुठीएवढे पक्षी, मोजायला आभाळ पुरणार नाही इतके. कुणी हाकारा न देता एकदम वळत होते, एकाचा पंख दुसऱ्याला लागत नव्हता. टॉवरवरून गेले तेव्हा उजेड कमी झाला, आणि पंखांचा आवाज पावसासारखा अंगावरून गेला. साहेबांनी टोपी काढली होती. केव्हा काढली, त्यांनाही कळलं नसावं.

"इतकी वर्षं इथे काढली," ते हळूच म्हणाले, "हे पाहिलं नव्हतं."

"मीही नाही, साहेब." वहिनीनं किल्ली पुढे केली. "चुकलंच माझं. आग नव्हती."

साहेबांनी वायरलेस उचलला. "गाडी परत फिरवा. आग नाही, पक्ष्यांचा थवा आहे." मग जरा थांबून म्हणाले, "वर्दी बरोबर होती. इथून मीही हीच दिली असती."

किल्ली त्यांनी घेतली नाही. "ठेवा ती. पण वहिनी, टॉवर दुपारी रिकामा राहता कामा नये. चादरींना उशीर झाला तर माझं नाव सांगा."

"नणंदेला तुम्हीच सांगाल का? माझं ती ऐकायची नाही."

साहेब हसत उतरून गेले. थवा तळ्यावर परत गोळा होत होता, घडी घालावी तसा दुमडत, उलगडत. वहिनीचे डोळे भरून आले; तिनं मनातल्या मनात हात जोडले. मग पदरानं दुर्बिणीची काच पुसली आणि पाठ फिरवली. बाकीच्या दिशाही पाहायच्या होत्या, उजेड होता तोवर.